लॉनची गादी झालीय, पाणी आत जातच नाही. उपाय सुचवा

आगरवाली | २६ एप्रिल

नमस्कार मंडळी. गुहागरच्या बाजूला आमचं आगर, म्हणजे माडांची बाग आहे, त्यात चार खोल्यांचा होमस्टे. समोर दोन गुंठे लॉन. सात वर्षांपूर्वी नर्सरीतून कोरियन गवताचे गालिचे आणून अंथरले, आणि बावीकडच्या (विहिरीकडच्या) कोपऱ्यात माडांची सावली पडते म्हणून रुंद पातीचं बफेलो लावलं. पहिली चार वर्षं दृष्ट लागण्यासारखं होतं. आता पाय ठेवला की कापसाच्या गादीत जातो. पाहुणे खूश, "किती मऊ!" म्हणत अनवाणी फिरतात. मला मात्र धडकी भरते, कारण वरची हिरवी पाती बोटांनी बाजूला केली की खाली सगळा तपकिरी गुंता. फणीतून निघालेल्या केसांसारखा. मशीन फिरवलं की चाकं रुततात आणि मधेच एखादी चकती भादरून निघते. रोज संध्याकाळी पाणी देऊनही ठिकठिकाणी वाळतंय.

काल सासूबाईंनी तांब्याभर पाणी उताराच्या बाजूला ओतलं. आत काही जाईना. पाणी मण्यांसारखं घरंगळत पार गडग्यापर्यंत (दगडी कुंपणापर्यंत) गेलं. म्हणाल्या, "अगो, हे शाकारलंय. मृगाआधी आम्ही पेंढ्याने गोठा शाकारायचो, तेव्हा अस्संच पाणी ओतून बघायचो, गळतंय का ते." मग नेटवर शोधलं, तर इंग्रजीत या थराला थॅचच म्हणतात, म्हणजे छपरावरचा शाकार! सासूबाईंना इंग्रजीचं अक्षर येत नाही.

आता घरात तीन मतं आहेत. माळी म्हणतो भाजावळीसारखं पेटवून देऊ. आमचे हे म्हणतात ग्रासकटरला तारेचा ब्रश लावून खरवडू. मुलगा म्हणतो ऑनलाइन मशीन मागवू. कोणाचं ऐकू? जाणकारांनी सांगावं.

तिरफळ | २६ एप्रिल

गवत लावूचा, पाणी घालून वाढवूचा आणि मगे पैसे देवन उपटूचा. ह्या कित्याक? दोन म्हशी बांधा, प्रश्न मिटलो.

कातळकर | २६ एप्रिल

तिरफळ, म्हैस वरची पाती खाईल, खालचा थर तसाच राहील. वर खुरांनी जमीन दडपेल ती वेगळीच.

आगरवालीताई, पेटवू नका. भाजावळ आपण मोकळ्या शेतात करतो, कवळ आणि शेण नीट पसरून, वारा बघून. तुमच्याकडे माड आहेत, गडग्यापलीकडे कोणाची तरी काजू-आंब्याची बाग असणार, आणि एप्रिलमधला दुपारचा समुद्रावरचा वारा तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय कोरियन गवताचे धावते फुटवे याच थरात असतात. थर पेटला की तेही गेले.

हत्यार ठरवण्याआधी थर मोजा. हायवेवर कलिंगडवाला जशी त्रिकोणी फोड काढून आतला लाल रंग दाखवतो, तशी सुरीने लॉनची फोड काढायची, तीन इंच खोल. वर हिरवी पाती, खाली माती, आणि मधे जो तपकिरी, स्पंजासारखा पट्टा दिसेल तो थॅच. तो दाबून मोजायचा. अर्ध्या इंचापर्यंत असेल तर हात लावू नका, तो हवाच असतो. उन्हात माती तापू देत नाही, पायाखाली जमीन दडपू देत नाही. त्याच्या वर गेला की मुळं मातीत उतरायचं सोडून त्या थरातच फिरायला लागतात, आणि थर वाळला की गवत वाळतं. तुमचं रोज पाणी देऊन वाळतंय ते त्यामुळे. ही फोड चार-पाच ठिकाणी काढून बघा, सगळीकडे सारखी नसते.

अजून एक. बहुतेकांना वाटतं कापलेली पाती पडून राहतात म्हणून थर होतो. तसं नाही. कापलेल्या पात्यात बहुतांश पाणीच असतं, ती काही दिवसांत कुजून जातात. थर होतो तो देठ, धावते फुटवे, मुळं आणि खोडाच्या गाठी यांचा. त्यांत लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारा पदार्थ जास्त, म्हणून ते कुजायला वेळ लागतो. बनण्याचा वेग कुजण्याच्या वेगापुढे गेला की झाली गादी. तेव्हा ती उपटायची कशाने याच्याआधी सांगा, की कुजणं थांबलं कशाने? खत काय देता, पाणी किती देता, कुठलं औषध टाकलंय?

आगरवाली | २७ एप्रिल

मोजलं. कोरियनमध्ये पावणेदोन इंच! बफेलोत इंचभर. गडग्याच्या कडेला, जिथे कोणी खत टाकत नाही, तिथे जेमतेम अर्धा. (तिथलंच गवत सगळ्यात चांगलं आहे, हे आज लक्षात आलं. हसू की रडू?)

माळ्याला विचारलं. दर पंधरा दिवसांनी युरिया, गुंठ्याला "दोन-अडीच किलो, अंदाजाने". पाणी रोज संध्याकाळी वीस मिनिटं. आणि तीन वर्षांपूर्वी हुमणी (मुळं खाणारी अळी) लागली म्हणून दाणेदार औषध फेकलं होतं. नाव त्याला आठवत नाही, वास अजून आठवतो म्हणाला.

कातळकर | २७ एप्रिल

सगळं एकाच घरात सापडलं की!

युरियात ४६ टक्के नत्र. लॉनला एका वेळी गुंठ्याला अर्धा किलो नत्र म्हणजे डोक्यावरून पाणी, म्हणजे साधारण एक किलो युरिया. आणि कोरियनसारख्या सावकाश वाढणाऱ्या गवताला तो वर्षातून दोन-तीन वेळा पुरतो. तुम्ही वर्षाला पंचवीसदा देताय, तेही दुप्पट. गवताने करावं तरी काय, वाढत सुटलं.

रोजच्या थोड्या थोड्या पाण्याने मुळं वर येतात. आठवड्यातून दोनदाच द्या, पण चार-पाच इंच खोल ओल जाईल असं.

दाणेदार औषध वासाचं म्हणजे फोरेट असावं, पूर्वी सर्रास मिळायचं. २०२० संपताना त्यावर देशात बंदी आली. असल्या औषधांनी हुमणीबरोबर गांडुळंही मरतात, आणि हा थर खाली ओढून मातीत मिसळणारे मजूर तेच. फोड काढलीत तेव्हा गांडूळ दिसलं का?

राहिली माती. आपली जांभ्याची तांबडी माती मुळात आम्ल, त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडून चुना धुऊन जातो, आणि युरियाने आम्लता अजून वाढते. आम्ल मातीत कुजवणारे जिवाणू मंदावतात. माती तपासून घ्या. मी दापोलीला कृषी विद्यापीठात शिकलोय. १९७२ पासूनचं विद्यापीठ, कोकणातल्या मातीचे इतके नमुने बाकी कोणी पाहिले नसतील. तिथे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना द्या. थर बाजूला सारून खालची माती घ्यायची, थर नाही.

मैदानी_काका | २८ एप्रिल

मुंबईत एका क्लबाच्या मैदानावर २२ वर्षं काढली, आता देवगडला असतो. कातळकरांनी कारण बरोबर सांगितलं. हत्यारांचं मी सांगतो.

पानं गोळा करायचा पत्र्याचा पंजा आणि आपला हिराचा खराटा, दोन्ही या कामाचे नाहीत. दात वाकतात, वरवर ओरखडे पडतात. थॅचसाठी वेगळं दाताळं येतं. त्याला दातांऐवजी अर्धचंद्रासारखी उभी पाती असतात, एका बाजूने धारदार. ओढताना चिरतं आणि उपसतं, परत ढकललं की पात्यात अडकलेलं सुटतं. एका गुंठ्याला दोन माणसं अख्खा दिवस. खांदे भरून येतात हे आधीच सांगतो.

विजेचं मशीन मिळतं, सव्वा फुटी. त्यात दोन रूळ असतात, एक स्प्रिंगच्या तारांचा, एक पात्यांचा. तारांचा रूळ वरचा सुटा कचरा काढतो. घट्ट थर चिरायला पात्यांचाच लागतो. सोबत येणारी पिशवी पाच मिनिटांत भरते, ती काढून ठेवा आणि मागून झाडून घ्या. पेट्रोलचं मोठं व्हर्टिकटर, म्हणजे उभ्या पात्यांनी थर चिरणारं यंत्र, मैदानांवर असतं, घरासाठी कोणी विकत घेऊ नये.

खोली लावायची रीत: मशीन फरशीवर ठेवून पाती टेकेपर्यंत उतरवायची, तो शून्य. तिथून थोडी थोडी खाली. लॉनवर हातभर जागेत चालवून बघायचं. पात्याने थर चिरून मातीला नुसता ओरखडा काढला की बस. माती उडायला लागली म्हणजे जास्त झालं. आधी गवत दोन टप्प्यांत कापून बुटकं करायचं. एकाच दिवशी तळापर्यंत कापलंत तर पांढरं पडेल. मग एकदा उभं फिरवायचं, एकदा आडवं. स्प्रिंकलरच्या तोंडांशी आधी काठ्या खोचा. मी एकदा विसरलो होतो, त्या दिवशी मैदानावर कारंजी उडाली.

पावणेदोन इंच एका फटक्यात काढू नका. मातीच उघडी पडेल. या खेपेला निम्मं, पुढच्या खेपेला उरलेलं.

खाडीपलीकडे | २८ एप्रिल

अलिबागहून. ताई, ग्रासकटरला तारेचा ब्रश लावायचा विचार यांच्या डोक्यातून आजच काढा. मागच्या वर्षी आमच्या केअरटेकरने केलं. तारेचा ब्रश खोली बघत नाही, हात जिथे जड झाला तिथे खड्डा. ताराही तुटून उडतात. एक त्याच्या पोटरीत गेली.

मग मी शहाणपणा केला आणि विजेचं मशीन आणलं. कोरियनवर झकास चाललं. त्याच जोशात बफेलोवर फिरवलं, आणि आमची बायको ओसरीवरून बघत असताना अख्खा गालिचा गुंडाळून निघाला. जसा हळदीकुंकवानंतर सतरंजी उचलतात तसा. खाली नुसती माती. काय चुकलं ते आजतागायत कळलेलं नाही.

मैदानी_काका | २८ एप्रिल

गवत ओळखायला चुकलात. हरळी, म्हणजे दुर्वांच्या जातीचं ते बर्म्युडा, जमिनीखालूनही पसरतं. नर्सरीवाले सिलेक्शन वन म्हणून विकतात ते त्यातलंच. ते वरून भादरलं तरी खालच्या खोडातून परत येतं, गणपतीत आपण उपटून थकतो ते उगाच नाही. कोरियनही खालून पसरतं, फक्त सावकाश येतं. बफेलोला जमिनीखाली काहीच नसतं. त्याचा सगळा संसार वरच्या धावत्या वेलांवर, आणि ते वेल त्या थरातच. दात दाट असलेलं मशीन लावलं की वेलच निघतात. बफेलोवर पाती निदान तीन इंच लांब लांब हवीत. खरं तर मशीन नकोच. वरून माती द्या आणि युरिया बंद करा.

खाडीपलीकडे | २८ एप्रिल

काका, हे एक वर्ष आधी सांगितलं असतंत तर सतरंजी वाचली असती.

रानजाई | २९ एप्रिल

जीवामृत देऊन बघितलंय का कोणी? शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर बांधावरची माती. जिवाणू वाढले की थर आपोआप कुजेल ना?

कातळकर | २९ एप्रिल

द्या, नुकसान नाही. पण बाटलीतले थॅच खाणारे जिवाणू असोत की पिंपातलं जीवामृत, माती आम्ल आणि थर कोरडा असेल तर ते जिवाणू खातील कुठे बसून? घर द्या, मग पाहुणे बोलवा. शिवाय पावणेदोन इंच नुसत्या ओतण्याने जात नाही, मग काय ओतलंय याला महत्त्व नाही.

जिवाणूंना घर देण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे वरून मातीचा पातळ थर. गवताखाली जी माती आहे तीच, चाळलेली, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत. पाव इंचाच्या वर नाही, पाती वर दिसत राहिली पाहिजेत. हिशोब करून ठेवा: गुंठ्याला पाव इंच म्हणजे २३ घनफूट, पाव ब्रासला थोडं कमी (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ही माती थरात उतरते, ओल धरते आणि कुजणं सुरू होतं. खाडीची वाळू मात्र घालू नका, मीठ असतं. क्रशची वाळूही नको, तिची भुकटी बसून सिमेंट होतं.

तिरफळ | २९ एप्रिल

पाव ब्रास माती, शेणखत, चुनो, दोन माणसां आणि मशीन. हेच्यात मी घर शाकारून झाला असता.

आगरवाली | ६ मे

तपासणीचा निकाल आला. सामू (पीएच) ५.४, म्हणजे माती आम्लच. सासूबाई म्हणाल्या, भट्टीतला शिंपल्यांचा चुना आण, पूर्वी बाजारात मिळायचा. आणि हो, कातळकर, पाच फोडींत मिळून गांडूळ एकच. तेही गडग्याकडच्या फोडीत.

आमच्या गावच्या लोहाराला काकांचं वर्णन वाचून दाखवलं. त्याने वखारीतल्या जुन्या करवतीचं पातं कापून दाताळं बनवलंय. झकास झालंय. पण आता वेळेचा प्रश्न. पाऊस महिन्यावर आला. आत्ता करू की दसऱ्यानंतर?

मैदानी_काका | ६ मे

दसऱ्यानंतर. पाऊस गेलेला, माती मऊ, ऊन परत आलेलं. आपल्याकडे थंडी अशी नाहीच, दोन महिने गवत भरून यायला मिळतात. आत्ता खरवडलंत आणि जूनमध्ये धो धो आला तर उताराची माती गडग्याखालून शेजाऱ्याकडे.

कातळकर | ६ मे

काकांशी अर्धा सहमत. नियम असा की गवत जोमात वाढत असेल तेव्हा खरवडायचं, म्हणजे जखम भरते. कोरियन उष्ण हवेतलं गवत, मे-जून त्याचा जोमाचा काळ. पण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ऊनच नसतं, त्याआधी जखम भरली तर भरली. खरा प्रश्न बावीचा आहे. खरवडल्यावर तीन आठवडे पाणी लागणार. मेमध्ये तुमच्या बावीत पाणी किती राहतं?

चुन्याबद्दल: भट्टीत भाजलेला चुना, शिंपल्याचा असो की चुनकळी, गवत जाळतो. बारीक दळलेली चुनखडी किंवा डोलोमाइट घ्या, मात्रा अहवालात लिहिलेली असेल तीच. आणि चुना व युरिया एका वेळी नको, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. मधे चार-सहा आठवडे जाऊ द्या.

आगरवाली | ७ मे

बावीत मेअखेर गुडघाभर राहतं, आणि पाहुण्यांच्या आंघोळी आधी. तेव्हा ठरलं असं: घराजवळची सपाट बाजू, अर्धा गुंठा, आत्ता. उताराची बाजू दसऱ्यानंतर. बफेलोला नुसती माती. दोघांचंही ऐकलं, रागावू नका.

कातळकर | ७ मे

एक महत्त्वाचं राहिलं. उपसलेल्या थराचा ढीग गडग्याला लावून ठेवू नका, आणि ढिगात उघडा हात घालू नका. गडग्याच्या फटी म्हणजे फुरशांचं घर, आणि वाळक्या गवताच्या रंगात फुरसं दिसत नाही. गमबूट, जाड हातमोजे, काम उजेडी. ढीग उचलायचा तो दाताळ्यानेच.

आगरवाली | १९ मे

सपाट बाजू झाली. अर्ध्या गुंठ्यातून तेरा पोती निघाली! मला वाटलं होतं दोन-तीन निघतील. पहिल्या ओढीलाच दाताळ्यात असा काही गुंता अडकला की माळी म्हणाला, "वहिनी, हे गवत नाही, उशीतला कापूस." उभं ओढून झाल्यावर आडवं ओढायला जीव नव्हता, ते दुसऱ्या दिवशी. यांनी ग्रासकटर कोपऱ्यात ठेवून दिलंय आणि पहिल्या दिवशी तासभर दाताळं ओढलं. मग पाठीला शेक.

दिसतंय मात्र भयंकर. टक्कल पडायला लागल्यावर कोणी वरचे केस विंचरून झाकतं, तसं. आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "इथे काही रोग पडलाय का?" सुट्टीचा हंगाम चालू असताना करायला नको होतं, हे मात्र कोणी सांगितलं नाहीत.

काकांनी मातीत भोकं पाडायचं सांगितलं होतं फोनवर. पोकळ नळीचं ते पायाने दाबायचं हत्यार एकांकडून आणलं. चौथ्या दाबालाच नळीत जांभ्याचा खडा अडकला, पाचव्याला नळी वाकली. मग बागेतला चार दातांचा काटा घेऊन नुसती भोकं केली, वितीवितीवर, आणि त्यात चाळलेली माती-शेणखत झाडूने सारलं.

पोती कुठे टाकू? सासूबाई म्हणतात माडाच्या आळ्यात.

मैदानी_काका | १९ मे

आळ्यात चालेल, पण आधी कातळावर पसरून आठ-दहा दिवस कडक उन्हात वाळवा. हिरवा फुटवा राहिला तर आळ्यात मूळ धरेल आणि पुढच्या वर्षी तिथेच दाताळं लागेल. नळी वाकणारच, खडीच्या मातीत ते हत्यार चालत नाही. काट्याने भोकाच्या कडा दबतात, पोकळ नळीइतका फायदा नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

आगरवाली | २ जुलै

अपडेट. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत हिरवं झालं, पण गवताने नव्हे. टाकळ्याने! माती उघडी पडली आणि वर्षानुवर्षं खाली झोपलेलं टाकळ्याचं बी उठलं. कोवळा, दोन पानी, गालिचाच. सासूबाईंनी लॉनवर बसून टोपलीभर खुडला आणि चण्याची डाळ घालून भाजी केली. पाहुण्यांना वाढली, वाहवा मिळाली. लॉनची वाहवा पहिल्यांदाच ताटातून.

पण गंभीरपणे: टाकळा आणि थोडं लाजाळू उपटायला चार दिवस गेले. कोरियन सत्तर टक्के भरलंय. जिथे मी जोर लावून मातीपर्यंत खरवडलं होतं तिथे अजून वाटीएवढे डाग आहेत, त्यावर शेवाळ धरलंय.

तिरफळ | २ जुलै

अखेर लॉनचो उपयोग झालो! टाकळ्याची कृती द्या.

मैदानी_काका | ३ जुलै

शेवाळ म्हणजे तिथे पाणी तुंबतंय आणि ऊन नाही. आत्ता छेडू नका. श्रावण सरू दे.

आगरवाली | ३० ऑक्टोबर

उताराची बाजू दसऱ्यानंतरच्या आठवड्यात केली. फरक रात्र-दिवसाचा. माती भिजून मऊ होती, दाताळं लोण्यासारखं फिरलं. टाकळ्याचा हंगाम संपलेला, त्यामुळे तण नावाला. पाहुणेही दिवाळीआधी तुरळक. उतारावर मी एक पट्टा खरवडायचा, एक सोडायचा असं आलटून पालटून केलं. ही कल्पना कातळकरांची, फोनवर दिलेली. अवेळी सर आली तरी माती वाहू नये म्हणून. आणि सर आलीच, चौथ्या दिवशी तासभर ढग फुटल्यासारखी. खरवडलेल्या पट्ट्यातली माती खालच्या न खरवडलेल्या पट्ट्यात अडकून राहिली. सोडलेले पट्टे आता मे उजाडण्याआधी करीन.

युरिया मेपासून बंद आहे. डोलोमाइट सप्टेंबरअखेर टाकलं. माळी अजून रुसलेला आहे, "खताशिवाय पिवळं पडेल" म्हणतो. थोडं पिवळं पडलंयही, खोटं कशाला बोलू. पण मशीन आता आठवड्याऐवजी अठरा दिवसांनी फिरतं, आणि कापलेली पाती तिथेच पडू देतो.

सपाट बाजूची फोड काल काढली. थर पाऊण इंच. गांडुळं दोन.

कातळकर | ३० ऑक्टोबर

पिवळेपणासाठी आता गुंठ्याला अर्धा किलो युरिया एकदा देऊ शकता, चुन्याला महिना झालाय. माळ्यालाच टाकायला सांगा, रुसवा जाईल. पण वजन तुम्ही करून द्या.

खाडीपलीकडे | १ नोव्हेंबर

ताई, तुमच्या लोहाराच्या दाताळ्याची मापं देता का? मशीन विकून टाकलं.

आगरवाली | १ नोव्हेंबर

लिहून घ्या. दोन लोखंडी पट्ट्या, दीड फूट लांब, त्यांच्यात पाती बोल्टने आवळलेली. पाती अकरा, दोहोंमध्ये दीड इंच अंतर. पातं अर्धचंद्राचं, पट्टीच्या खाली अडीच इंच उतरतं, ओढण्याच्या बाजूलाच धार. बोल्टच ठेवा, वेल्डिंग नको, कारण खडी लागून पातं बोथट होतं आणि काढून घासावं लागतं. दांडा पाच फुटी. बांबूचा घालू नका, आमचा दोनदा मोडला, दुसऱ्यांदा हे पाठीवर पडले. ऐनाचा घ्या.

आणि तुमचा बफेलो असेल तर एक सोडून एक पातं काढून टाका.

खाडीपलीकडे | १ नोव्हेंबर

बफेलो आता कुठला? तिथे पांढरा कांदा लावलाय.